कंपाउंडबाहेरचा फोटो

पत्र थोडक्यात असं:

वाचक बाईंचं घर मुंबईच्या पूर्व उपनगरात, आजोबांनी घेतलेल्या प्लॉटवरचं, एकमजली. कंपाउंडच्या भिंतीबाहेर, रस्त्याला लागून सहा-सात फुटांची पट्टी आहे. तीही आपलीच, असं घरात सगळे धरून चालतात. तिथे एक जुना गुलमोहर आहे. चार वर्षांपूर्वी भर पावसात एकवीस-बावीस वर्षांच्या एका मुलाची बाइक घसरून त्या झाडावर आदळली आणि तो जागीच गेला. दुसऱ्या दिवशी झाडाला हार आला. तेराव्याच्या सुमाराला फ्रेम केलेला फोटो आला, तोही खिळे ठोकून. वर्षश्राद्धाला फ्लेक्स लागला. मग विटांचा ओटा, त्यावर काळा ग्रॅनाइट, नाव आणि दोन तारखा. गेल्या वर्षी वर पत्र्याची छपरी झाली, फोटोशेजारी दत्ताची तसबीर आली आणि बाईंच्या कंपाउंडवरच्या दिव्यातून वायर ओढून तिथे ट्यूब लागली. वाढदिवसाच्या रात्री बारा वाजता मुलं केक कापायला जमतात. आता घर पुनर्विकासाला द्यायचं ठरतंय आणि बिल्डरला गेट नेमकं तिथेच हवं आहे. भाऊ म्हणतो, दोन बिगारी आणून पहाटे काढून टाकू. मिस्टर म्हणतात, त्या मुलांमागे इथलं मंडळ आहे, अंगाशी येईल. आई रोज तिथे चार प्राजक्ताची फुलं ठेवते आणि म्हणते, "अपघाताने गेलेलं पोर आहे, त्याला हलवू नका." बाईंचा प्रश्न: "जागा आमची आहे. हे काढा म्हणणं निर्दयपणाचं आहे का?"

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, निर्दयपणाचं नाही. आपल्याला न विचारता आपल्या दारात कुणी काही बांधलं, तर ते काढा म्हणायचा हक्क तुम्हाला आहे, आणि चार वर्षं तुम्ही तो वापरला नाहीत, हे तुमच्या भलेपणाचंच लक्षण आहे. पण मला तुमच्या पत्रात एक मोठी रिकामी जागा दिसली.

पत्रात बिल्डर आहे, भाऊ आहे, मिस्टर आहेत, मंडळ आहे, केक कापणारी मुलं आहेत, ग्रॅनाइटचा रंगसुद्धा आहे. त्या मुलाचे आईवडील कुठेच नाहीत. सगळीकडे तुम्ही "ते लोक" असं लिहिलंय. कोण ते लोक? हार ज्याने घातला, ग्रॅनाइटचे पैसे ज्याने दिले आणि दत्ताची तसबीर ज्याने आणून ठेवली, ती एकच माणसं आहेत असं तुम्ही गृहीत धरलंय. बहुतेक वेळा तसं नसतं. हार घरचे घालतात. फोटो मित्र लावतात. फ्लेक्सवर इतर पाच जणांचे फोटो असतात, ते कुणाचे हे मी सांगायला नको. आणि पत्र्याची छपरी कोण घालतं, हे तर पुष्कळदा घरच्यांनाही ठाऊक नसतं. असे आईबाप असतात जे मुलगा गेला त्या रस्त्याने पुन्हा जातच नाहीत, रिक्षावाल्याला वळसा घालून न्यायला सांगतात. त्यांच्या मुलाचं नाव तुमच्या दारात कोरलेलं आहे हे त्यांना आवडतं की सलतं, हे तुम्हाला माहीत नाही. मलाही नाही. सगळा निर्णय ज्या माणसांवर अडलाय, त्यांना कुणी काही विचारलेलंच नाही.

मग विचारायचं कुठे? तुमच्या आईला विचारा. रोज सकाळी ती फुलं घेऊन बाहेर जाते. तिथे कोण येतं, किती वाजता येतं, कोण चप्पल काढून उभं राहतं आणि कोण बाइकवर बसूनच मोबाइल बघतं, हे तिला घरात सगळ्यांपेक्षा जास्त माहीत असणार. तुम्ही तिचं "हलवू नका" ऐकलं आणि तिला अडचण म्हणून बाजूला ठेवलं. तिला साक्षीदार म्हणून समोर बसवा. एखादी बाई दुपारच्या वेळी येऊन आईशी दोन शब्द बोलून जात असेल, तर तुमचं अर्धं काम तिथेच झालं.

आता जरा त्या मुलांच्या बाजूने. माणूस जिथे पडला तिथे खूण ठेवणं ही आजकालच्या पोरांनी काढलेली टूम नाही. बोरिवलीत एकसरला वीरगळ आहेत, म्हणजे लढाईत पडलेल्यांच्या आठवणीचे दगड, त्यांवर समुद्रातली लढाई, नावा, पडलेले वीर कोरलेले. महाराष्ट्रात गावाच्या वेशीवर, देवळाच्या आवारात असे दगड ठिकठिकाणी दिसतात. 1896 च्या प्लेगच्या वेळी वांद्र्यात, माझगावच्या माथारपाखाडीत, गिरगावच्या खोताच्या वाडीत क्रूस उभे राहिले, आजही त्यांच्यापुढे मेणबत्त्या लागतात आणि त्यातले कित्येक लोकांच्या खासगी आवारात आहेत. गिरगाव चौपाटीला तुकाराम ओंबळेंचं स्मारक 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री ते जिथे पडले तिथलंच आहे. तेव्हा "रस्त्यात कसलं स्मारक?" असं तुमचे भाऊ म्हणत असतील, तर तो प्रश्न या शहराला शोभत नाही. मला फरक दुसरीकडे दिसतो. ओंबळेंचं स्मारक शहराने, ठरवून, सार्वजनिक जागेत केलं. तुमच्याकडे ठरवणारे वेगळे आणि जागा देणारे वेगळे, आणि जागा देणाऱ्यांना कुणी विचारलं नाही. या एका मुद्द्यावर तुम्ही ठाम राहा. बाकी सगळं बोलण्यासारखं आहे.

(जाता जाता: तुमच्या भिंतीला देवांच्या टाइल्स आहेत का? लोकांनी पान खाऊन थुंकू नये, आडोसा धरू नये म्हणून निम्म्या मुंबईने साईबाबा, क्रूस, मक्का-मदिना ओळीने चिकटवलेत. असतील, तर "आमच्या भिंतीपाशी देवाची तसबीर का?" हे वाक्य बोलण्यात येऊ देऊ नका. समोरचा पोरगा भिंतीकडे बोट दाखवेल.)

कायद्याकडे वळण्याआधी एक काम आजच्या आज करा. ती वायर काढा. पत्र्याची छपरी, चिकटपट्टीचा जोड आणि मुंबईचा पाऊस, यातून काय होऊ शकतं ते सांगायला नको. मीटर तुमचा आहे, म्हणजे उद्या कुणाला शॉक बसला तर पोलीस पहिल्यांदा तुमच्याच दारात येतील. वायरमनला बोलवा, दिवसाढवळ्या काढा आणि तिथे येणाऱ्या कुणालाही साध्या शब्दांत सांगा की, "पावसात धोका होता म्हणून काढली, फोटोला हात लावलेला नाही." यात भांडणासारखं काही नाही, आणि बोलणं सुरू करायला हे निमित्त चांगलं आहे.

आता जागेचं. "पट्टी आमचीच" हे तुम्ही कशावरून म्हणता? आजोबा म्हणायचे म्हणून? मुंबईत जुन्या प्लॉटच्या बाबतीत ही गोष्ट तोंडी धरून चालत नाही. रस्त्याची नियमित रेषा, म्हणजे रस्त्याची हद्द कुठवर, हे ठरवायचा अधिकार महापालिकेला 1888 च्या कायद्यानेच दिलेला आहे. रस्ता रुंद करायचा म्हणून प्लॉटचा पुढचा भाग सेटबॅकमध्ये घेतला जातो, आणि कैक घरांत तो केव्हा गेला हे पुढच्या पिढीला ठाऊकच नसतं. भिंत आत सरकलेली असते, बाहेरची पट्टी "आपली" म्हणून झाडली जाते, तिथे तुळस लावली जाते, पण कागदावर ती केव्हाच रस्त्याची झालेली असते. तेव्हा मालमत्ता पत्रक काढा, नगर भूमापन कार्यालयाकडून मोजणी करून घ्या, पालिकेकडून डीपी रिमार्क, म्हणजे विकास आराखड्यात तुमच्या प्लॉटवर काय दाखवलंय त्याचा दाखला, मागवा. पुनर्विकासासाठी बिल्डरला हे कागद लागतातच, कदाचित त्याने काढूनही ठेवले असतील. त्याला मागा आणि स्वतः वाचा. तो तोंडी सांगेल त्यावर जाऊ नका.

पट्टी पालिकेची निघाली तर गोष्ट बदलते. मग काढायचा अधिकार तुमचा राहत नाही. रस्त्यावर अडथळा ठरणारं बांधकाम विनानोटीस हटवण्याची तरतूद पालिकेच्या कायद्यात कलम 314 मध्ये आहे, आणि तक्रार वॉर्ड ऑफिसात करायची. पण "आपण अर्ज देऊ, पालिकेची गाडी येऊन नेईल, आपले हात स्वच्छ" असं मनात असेल तर थांबा. गाडी येते तेव्हा ती हातोडा घेऊनच येते, फोटो कुठे पडला ते बघत नाही, आणि अर्ज कुणी दिला हे गल्लीत संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. आधी माणसांशी बोलणं हे तेव्हाही चुकणार नाही.

पट्टी तुमचीच निघाली, तर तुमच्या कानावर दोन गोष्टी येतील, दोन्ही अर्धवट. पहिली: "सर्वोच्च न्यायालयाने असली बांधकामं बंद केलीत." 29 सप्टेंबर 2009 चा तो आदेश सार्वजनिक रस्ते, उद्यानं आणि इतर सार्वजनिक जागांवरच्या धार्मिक बांधकामांबद्दल आहे. नवीन होऊ देऊ नयेत आणि जुनी राज्यांनी एकेक करून तपासावीत, असा त्याचा आशय. खासगी जागेतल्या एका ओट्याला तो तसाच्या तसा लागू होत नाही, तेव्हा तो कागद कुणाच्या तोंडावर फडकवू नका. दुसरी: "बारा वर्षं झाली की जागा त्यांची होते." हे पुष्कळ लोक भीती घालायला सांगतात. ज्याला वकील ॲडव्हर्स पझेशन म्हणतात, त्यात मालकाविरुद्ध, उघडपणे, सलग 12 वर्षं ताबा लागतो. तुमची चारच झालीत. आणि मुख्य म्हणजे, मालकाच्या परवानगीने वापरलेल्या जागेवर असा हक्क सांगता येत नाही. म्हणून बोलणी सुरू असताना एक साधं पत्र लिहून ठेवणं शहाणपणाचं: "अमुक तारखेपर्यंत हा फोटो व ओटा आमच्या जागेत आमच्या परवानगीने राहील, त्यानंतर काढला जाईल." दोन्हीकडच्या सह्या. पुष्कळांना वाटतं, परवानगी लिहून दिली की आपण हरलो. उलट आहे. लिहून दिलेली परवानगी तुमची मालकी मान्य करून घेते, आणि चार वर्षांच्या गप्प राहण्यापेक्षा ती कधीही बरी.

भावाच्या पहाटेच्या बेताबद्दल. नको. आणि हे मी भावनेपोटी म्हणत नाही. तसबीर आल्यापासून तो नुसता एका मुलाचा फोटो राहिलेला नाही. लोकांनी पवित्र मानलेली वस्तू धर्माचा अपमान करण्याच्या हेतूने फोडली वा विटाळली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 298 खाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तुमच्या भावाचा हेतू अपमानाचा नाही, मान्य. पण हेतू काय होता हे ठरेल कोर्टात, आणि तोवर पोलीस स्टेशनच्या बाकावर तो बसेल. त्यातून अंधारात केलेल्या गोष्टीला "आम्ही आदराने काढलं" असं म्हणता येत नाही, कुणी ऐकणारच नाही. दुसऱ्या दिवशी त्या जागी दुप्पट मोठा ओटा उभा राहतो, फ्लेक्सवर "पुन्हा उभारू" असं लिहून. मिस्टरांची भीती इथे रास्त आहे. फक्त त्या भीतीवर त्यांचा इलाज काहीच न करण्याचा आहे, तो मला पटत नाही.

तर बोलायचं कसं.

दिवस निवडताना त्याची पुण्यतिथी, वाढदिवस आणि पितृपक्ष टाळा. पहिल्यांदा घरच्यांकडे जा, मुलांकडे नको, मंडळाकडे तर नकोच. आईची तयारी असेल तर ती आणि तुम्ही, दोघीच. भाऊ नको, बिल्डरचा माणूस तर मुळीच नको. वकिलाची नोटीस आधी पाठवली असेल तर हे सगळं विसरा, कारण नोटीस हातात पडल्यावर दार उघडतं ते भांडायलाच. गेल्यावर जागेचा विषय लगेच काढू नका. तुम्ही त्या दिवशी तिथे होतात. त्यांच्या मुलाला शेवटचं पाहणाऱ्यांपैकी तुम्ही एक असाल, कुणी पाणी आणलं असेल, कुणी चादर घातली असेल. ते त्यांनी कधी ऐकलेलं नसेल. त्यांना ऐकायचं असेल तर सांगा, नसेल तर गप्प बसा. मग विचारा: "बाहेर जो ओटा आहे, तो तुम्ही केलात का? तुम्हाला त्याबद्दल काय वाटतं?" आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

मग मात्र खरं ते सगळं सांगा. घर पाडलं जाणार आहे, गेट तिथे येणार आहे, ओटा तिथे राहू शकणार नाही. "बघू," "बिल्डरला विचारते," "आमचं काही नाही हो, पण..." असली पळवाट ठेवू नका. शोक करणाऱ्या माणसाला अर्धवट आशा देणं मला नकारापेक्षा वाईट वाटतं. आणि एक गोष्ट लपवू नका, जी तुम्ही पत्रातही लिहिलेली नाही: गुलमोहर राहणार आहे का? गेट तिथेच यायचं तर झाडही जाणार असेल. झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, 1975 च्या कायद्याने, आणि ती बिल्डर आणेलही. पण ओटा आपखुशीने हलवून सहा महिन्यांनी झाडच नाहीसं झालेलं पाहिलं, तर त्या मुलांना फसवल्यासारखं वाटेल आणि त्यांचं चुकणार नाही. झाड राहणार असेल, तर बुंध्याला घट्ट बांधलेला सिमेंटचा ओटा आणि खोडातले खिळे त्याच्या जिवावर उठलेत हे सांगण्यासारखं आहे. ज्या झाडापाशी त्याचं नाव घेतात ते वाळून जावं असं कुणालाच वाटणार नाही.

मुदत द्या. पुढची पुण्यतिथी त्याच जागी होऊ द्या, त्यानंतरच्या महिन्यात हलवा. ग्रॅनाइट घरच्यांना हवा असेल तर तो गावी नेता येईल. मुंबईतल्या किती घरांचं गाव अजून कोकणात नाहीतर घाटावर आहे, आणि तिथे अंगणात एका दगडाला जागा मिळते. दगड उचलायचं काम मित्रांना द्या. बिगाऱ्यांना नाही. बावीस वर्षांचा मित्र गेला तेव्हा ही मुलंही बावीसचीच होती, आज नोकरीला लागलेली, एखाददुसरा लग्न झालेला असेल. वरच्या छपरीवर जीव असलेला त्यांच्यात एखादाच असतो, बाकीच्यांना आपण मित्राला विसरलो असं वाटू नये एवढंच हवं असतं. त्यांच्यासमोर दुसरं काहीतरी ठेवा. त्या वळणावर पाणी का तुंबतं, दिवा का नाही, हे कुणी पालिकेला लेखी विचारलंय का? मरोळचे भाजीविक्रेते दादाराव बिल्होरे आठवतात? 2015 च्या पावसाळ्यात जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवरच्या खड्ड्याने त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा नेला, आणि तेव्हापासून ते स्वतः शहरातले खड्डे बुजवत आले. प्रत्येकाने तसं करावं अशी अपेक्षा ठेवू नये, तेवढी ताकद सगळ्यांत नसते. पण पुण्यतिथीला रक्तदान शिबिर घेणं, त्या वळणासाठी सह्यांचा अर्ज नेणं, हे पंधरा मुलांना जमण्यासारखं आहे. तुम्ही त्या अर्जावर पहिली सही करा.

तुमच्या आईचं वेगळं. तिच्या "हलवू नका" मध्ये माया आहे आणि भीतीही आहे, अकाली गेलेला जीव त्या जागी अडकलेला असतो ही. तिला अंधश्रद्धेवर व्याख्यान देऊ नका. देणाऱ्याला बरं वाटतं, ऐकणारीला नाही. आपल्याकडे बोलावणं आहे तसं निरोप देणंही आहे. गणपतीची उत्तरपूजा करून अक्षता टाकतो, मूर्ती जागची जराशी हलवतो, आणि मग उचलतो. त्यात कुणी देवाचा अपमान मानत नाही. तसंच काही घरच्यांच्या संमतीने, त्यांच्या रीतीने करा: दिवा, फुलं, नारळ, घरच्यांपैकी कुणी दोन शब्द. तसबीर देवळात द्या. हे करताना कुणी गुरुजी त्र्यंबकेश्वरला जाऊन नारायण नागबळीचा विधी केल्याशिवाय सुटका नाही म्हणाले, तर तो निर्णय मुलाच्या घरच्यांचा. तुम्ही त्यात खर्च करायचं काही कारण नाही, आणि आईला तसं सांगायला घाबरू नका. तिची रोजची फुलं मात्र बंद करू नका. ओटा गेला तरी ती फुलं ठेवेल, कुंपणापाशी, कुठेतरी. ठेवू दे.

तुमच्या मनात एक तडजोड असणार, बहुतेकांच्या असते: नव्या इमारतीच्या कंपाउंडवर छोटी पाटी लावू. माझं मत विरुद्ध आहे. उद्या तिथे तीस कुटुंबं राहायला येतील, त्यांनी त्या मुलाला पाहिलेलं नाही, आणि पाच वर्षांनी एखाद्या नव्या सेक्रेटरीला ती पाटी अशुभ वाटेल. तेव्हा हेच भांडण पुन्हा होईल, फक्त तुमच्याऐवजी परक्यांशी, आणि घरच्यांना दुसऱ्यांदा पाटी काढलेली पाहावी लागेल. जे तुम्ही पुढे पाळू शकत नाही ते कबूल करू नका. नवीन आवारात एक झाड लावायचं असेल तर जरूर लावा, घरच्यांना दाखवा, पण नाव न घालता.

आणि नाहीच ऐकलं तर? घरचे तयार, पण मंडळ आडवं, असं होऊ शकतं. तेव्हा घरच्यांचं दोन ओळींचं पत्र ("आमच्या मुलाचं स्मारक इथून हलवायला आमची हरकत नाही") हाच तुमचा सगळ्यात भारी कागद; त्यापुढे मंडळाला बोलायला तोंड राहत नाही. स्थानिक पोलीस स्टेशनला तारखेसह माहितीचं पत्र द्या, तक्रार म्हणून नाही, पोच घ्या. विधी सेवा प्राधिकरणाकडे दावा दाखल होण्याआधी समेटासाठी जाता येतं, खर्च नगण्य. घरचेच अडून बसले तर शेवटी वकिलाची नोटीस आणि दिवाणी न्यायालयात बांधकाम हटवण्याचा आदेश मागणं, हे आहेच. त्याला वर्षं लागू शकतात, म्हणून मी ते शेवटी ठेवलंय.

तुमच्यासारखी आणखीही पत्रं येतात, बहुतेक सोसायट्यांची. त्यांच्यासाठी थोडक्यात. सेक्रेटरीने एकट्याने काही ठरवू नये. सर्वसाधारण सभेत ठराव करावा आणि घरच्यांशी बोलायला दोनच माणसं नेमावीत, शक्यतो जुन्या रहिवाशांपैकी. नुसता हार आणि फोटो असेल तेव्हाच, महिन्याभरात भेटायला जावं. सांत्वनालाच जायचं, पण उठताना सांगावं की फोटो वर्षश्राद्धापर्यंत राहू दे, बांधकाम मात्र करू नका. हे तेव्हा कठीण वाटतं, चार वर्षांनी त्याहून कितीतरी कठीण होतं. आणि मृत मुलगा सोसायटीतलाच असेल तर माझा सल्ला बदलतो, त्यावर पुन्हा कधीतरी लिहीन.

ताई, वेळापत्रकाचं शेवटचं. हे सगळं डेव्हलपमेंट ॲग्रीमेंटवर तुम्ही भावंडं सह्या करण्याआधी उरका, किंवा निदान ओटा हलवायची तारीख आणि तो कोण हलवणार हे त्यात लिहून घ्या. "साइट मोकळी करून देणे" या एका ओळीत ते गेलं, की ताबा बिल्डरचा होतो आणि मग पहिल्याच दिवशी जेसीबी येतो. बिल्डर म्हणेल, "तुम्ही काळजी करू नका मॅडम, आमची माणसं बघतील." त्याला सांगा, हे आम्हीच बघणार आहोत, तुम्ही गेटचं काम दोन महिने पुढे ढकला.